जावयाची गॅलरी

८ जानेवारी १९५६, रविवार
मनोहर, माझ्या बहिणीचा, कुसुमचा नवरा, आज पुन्हा जेवायला. (यापुढे नुसतं म. लिहीन. एवढी शाई त्याच्यावर कशाला घालवा.) लग्नाला वर्ष होत आलं तरी आमच्याकडचा दिवाळसण काही संपत नाही. येताना लालबागच्या बाजारातून पापलेटं घेऊन आला, तीसुद्धा साफ करून. आई कुसुमला म्हणाली, "नशीब काढलंस गं." मी इतकी वर्षं गिरगावातून मासळी आणतो. मला ऐकावं लागतं ते एवढंच, 'डोळे बघून घेतलेस का?'
पाट त्याला, मधला तुकडा त्याला. मला डोकं. "तुला डोकं आवडतं ना रे दत्ता?" असं मी कधी म्हणालो होतो देव जाणे.
हाच माणूस तीन वर्षांपूर्वी कंपनीत माझ्या हाताखाली लागला. हवेच्या दाबानं सिमेंट उडवणाऱ्या गनची नळी कशी धरायची ते मी शिकवलं. घरी चहाला पहिल्यांदा आणला तोही मीच. तेव्हा 'अरे मनोहर' होता. लग्न ठरलं तेव्हापासून 'अहो मनोहरराव'. जीभ अजून अडखळते. त्याची नाही अडखळत. तो 'दत्ताभाऊ' म्हणतो आणि पाटावर बसतो.

१० जाने., मंगळ
लालबागच्या चाळीचं काम सुरू. म.चं घर याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला. म्हणजे आता कुसुमचंही. चाळीला दोन बाजूंनी गॅलऱ्या. खालच्या अंगाचं काँक्रीट फुगून पडायला लागलंय, सळया उघड्या. जुनं झोडून काढायचं, सळया घासायच्या, जाळी बांधायची, मग गननं नवा थर मारायचा.
कंपनीच्या शेठनी वाटणी केली. पूर्वेची बाजू मला, पश्चिमेची म.ला. "बघू परांची आधी कोण उतरवतो." शेठना असले खेळ आवडतात. कोंबड्यांच्या झुंजीत पैसे लावणारा माणूस.
दिवसभर डोक्यावर मारा. छताला मारायचं काम फार वाईट. पाणी जास्त झालं की लगदा खाली येतो, कमी झालं की वाळू तोंडावर उडते. आज माझा अर्धा थर संध्याकाळी धपकन खाली आला. म.च्या बाजूनं हसण्याचा आवाज. मलाच हसले असतील असं नाही. पण मला तसं वाटलं.

१२ जाने., गुरु
म.नं पत्र्याचे डबे आणलेत. परदेशी. आत पांढरे खडे, कॅल्शियम क्लोराइड. गनच्या पाण्यात विरघळवून मारलं की थर छताला चिकटतो आणि बघता बघता घट्ट होतो. मी बघत उभा होतो. खोटं कशाला लिहू, डोळ्यांचं पारणं फिटलं. माझा थर अजून लोण्यासारखा आणि त्याच्या थरावर नख उमटेना.
शेठ पाठ थोपटून गेले. माझी नाही.
डब्यावरचा कागद वाचला. सिमेंटच्या दोन टक्क्यांवर जाऊ नये म्हणतो. ठीक. पण म.ची माणसं डब्यानं घालतात, अंदाजानं. उघड्या डब्यातले खडे इथल्या हवेत पाणी होऊन बसतात, मग कमी वाटलं की आणखी एक ओंजळ. शिवाय ही जात मिठाची. थर दीड-दोन इंचांचा, आत जुन्या सळया, समुद्र हाकेच्या अंतरावर. लोखंडाला मीठ चारून कुणाचं भलं झालंय?
हे म.ला परांचीवर चढून सांगणार होतो. नाही सांगितलं. कारण खाली.

१२, तेच पुढे
आईनं गेल्या महिन्यात शपथ घातलीय. "कामावर चारचौघांत त्यांना टोकायचं नाही. इथे तू बोलतोस, तिथे कुसुमला ऐकावं लागतं." मुलीकडची माणसं. जावयाच्या भाजीत मीठ जास्त झालं तर ते आपलं चुकलं, आणि जावयानं भिंतीत मीठ घातलं तरी गप्प बसायचं.
की मी गप्प बसलो ते, त्याचं पुढे कधीतरी बिघडावं म्हणून? छे. शपथ होती.

१७ जाने., मंगळ
काल रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही. आज सगळं बंद. गिरगावात दगड, अश्रुधूर, गोळ्यांचे आवाज. आई दारं लावून जप करत बसलीय. समोरच्या चाळीतला एक जण पायाला गोळी लागून हॉस्पिटलात. रक्त उसळतं. मोर्च्यात मीही जातो, घसा बसेपर्यंत ओरडतो.
पण इथे लिहायला हरकत नाही. डोक्यात दुसरीकडे गोणपाट फिरतंय. माझा थर नुसता सिमेंट-वाळूचा, त्याला निदान आठवडाभर ओलं गोणपाट हवं. पाणी कोण मारणार? कर्फ्यू आहे. गिरगावातून लालबागला जायचं म्हणजे गोळी खायची.
म. तिथेच राहतो. दाराबाहेर पाऊल टाकलं की त्याचा थर. माझा त्याच्या घराच्या मागच्या बाजूला. मारेल का दोन बादल्या?

२२ जाने., रवि
जाऊन आलो. पूर्वेचा थर भर उन्हात वाळून गेलेला, बारीक भेगांचं जाळं. पश्चिमेचा म.चा एकदम झक्क.
म. म्हणाला, "दत्ताभाऊ, दोन दिवस मारलं पाणी तुमच्याकडे. पुढे नळच बंद होता." खरं असेल. कुसुमही हो म्हणाली. पण ती आता त्याचीच माणूस.
शेठ चाळीच्या मालकाला घेऊन आले होते. दोघं माझ्या भेगांकडे बघत बसले. "दत्तोपंत, तुमच्या मेहुण्याकडून शिका जरा." इतक्या माणसांत. मी शिकवलेल्या माणसाकडून मी शिकायचं.

६ फेब्रुवारी, सोम
म. आता साइट सुपरवायझर. मला शीवच्या गोदामात टाकलंय. लाकडी बल्ल्या, परांचीच्या फळ्या, सिमेंटच्या गोण्या मोजायचं काम. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, धुळीत उभं राहायला नको. आणि मनोहररावांचं कळलं का?"
कळलं.

४ मार्च, रवि
आज घरी दोन लाद्या केल्या, हातभर लांब नाहीत, टीचभर असतील. दोन्हींत तीन तीन खिळे पुरले, सळया समजून. एक साधी सिमेंट-वाळूची. दुसरीत म.च्या डब्यातल्या खड्यांची पूड, अंदाजानं, त्याची माणसं घालतात तशीच. वर खिळ्यानं 'सा' आणि 'पू' कोरलं. गॅलरीत मोरीच्या कट्ट्यावर ठेवल्यात. चौपाटीचा वारा लागतो.
आई म्हणाली, "हे काय नवीन?" मी म्हटलं, परीक्षा आहे. तिला वाटलं माझी.

१९ नोव्हेंबर
कुसुमला मुलगी. आमच्याकडेच बाळंतपण. नाव म.च्या आईचं ठेवणार. गोड आहे. नाक बापाचं. (तेही.)
'पू' लादी सदा ओलसर, घाम फुटल्यासारखी. 'सा' कोरडी खडखडीत.

३० जून १९५७, रवि
आज घरात महायुद्ध झालं.
महिनाभर 'सा' लादी दिसत नव्हती. विचारलं तर आई म्हणे, असेल इथेच. आज तिनं मोठ्या तोंडाची बरणी उघडली. खारातल्या कैऱ्या. मिठाच्या पाण्यातून कैऱ्या वर येऊ नयेत म्हणून वर दडपण ठेवतात. दडपण कसलं? माझी 'सा' लादी. अक्षरासकट.
"अगं, हा काय दगड वाटला?"
"स्वच्छ होती, सपाट होती, जड होती. दुसरी नाही घेतली मी, ती चिकट लागते हाताला."
"पण कशाला?"
"मनोहररावांना खारातली कैरी लागते. त्यांच्या मालवणाकडे करतात तशी. घरातला वरवंटा मावेना तोंडातून."
मी फार बोललो. आईही बोलली. शेवटी ती रडली. "एका दगडापायी आईला असं बोलतोस, आणि तिकडे परका मुलगा मला देव मानतो." मी लादी धुऊन परत कट्ट्यावर ठेवली. सव्वा वर्षाच्या परीक्षेचं लोणचं झालं. तेही जावयासाठी.
संध्याकाळी म. आला, दोन कैऱ्या खाल्ल्या. "आई, अशी चव आमच्याकडेसुद्धा येत नाही." सिमेंट खाल्लंस बाबा. मनातल्या मनात म्हटलं. तेवढाच आनंद.

३ ऑगस्ट १९५८, रवि
अधिक महिना. जावयाला तेहतीस अनारश्यांचं वाण. आई चार दिवस तांदूळ भिजवत होती. पहिल्या घाण्याचे अनारसे तुपात हसले, विरघळून जाळी जाळी. गूळ जास्त झाला होता. ते मला दिले. पुढचे बरोबर जमले, ते चांदीच्या ताटलीत घालून लालबागला न्यायचं काम माझं.
म.च्या आईनं दारात स्वागत केलं. "येवा, बसा. च्या ठेवतंय." मग गॅलरीकडे हात करून, लेकाच्या कौतुकानं, "आमच्या झिलान केली म्हणान ही गॅलरी उभी आसा. त्या बाजूची बघा, कशी खरवडल्यासारी."
त्या बाजूची म्हणजे माझी.
परत निघताना पहिल्या मजल्यावर थांबलो आणि वर बघितलं. कुसुमच्या गॅलरीच्या पोटाला तांबडी रेघ. सळईच्या लायनीत, सरळ. हात पुरला नाही, छत्रीच्या टोकानं ठोकून बघितलं. बद्द, पोकळ आवाज. मग मुद्दाम मागे जाऊन माझ्या बाजूला ठोकलं. टणक. भेगा दिसतात तेवढ्याच, वरवरच्या.
आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. जिन्यात उभा राहून मी एकटा हसत होतो. मग वरून कुसुमचा आवाज आला. बेबीला कठड्याशी धरून ती मला टाटा करायला लावत होती, त्याच रेघेच्या बरोबर वर. हसू गेलं.
वर परत गेलो, म.ला बाजूला घेतलं. शपथ मोडली. नीट समजावलं, पूड, मीठ, सळई गंजली की फुगते आणि थर ढकलून देते. तो ऐकत होता. मग म्हणाला, "दत्ताभाऊ, कागदावर लिहिलंय दोन टक्क्यांपर्यंत चालतं."
"तुमची माणसं ओंजळीनं घालत होती."
"तेव्हा का नाही बोललात?"
मी छत्रीचं टोक पुसायला लागलो. तो पुढे म्हणाला, "तुम्हाला माझं काही चांगलं दिसतच नाही. आजचा दिवस तरी..." कुसुम दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. जिन्यापर्यंत सोडायला आली आणि हळू म्हणाली, "दादा, तू जळतोस रे त्यांच्यावर. सगळ्या चाळीला माहीत आहे."
खरं आहे. पण बद्द वाजतं हेही खरं आहे.

१५ ऑगस्ट
म.नं तांबड्या रेघेवर चुन्याचा हात फिरवलाय म्हणे. कुसुम सांगत होती, "किती छान दिसतंय."

६ डिसेंबर १९५९, रवि
आज राहवलं नाही. लाद्या फोडल्या.
'पू' आधी. फोडायची गरजच नव्हती, खिळ्यांच्या लायनीत ती आपणहून तडकली होती. आत खिळे फुगलेले, खपल्या निघतात. मनातल्या मनात म.ला शेठपुढे उभा केला.
मग 'सा'. आतून खिळे तांबडे. तिन्ही.
हातोडी खाली ठेवली. म्हणजे साध्यातही गंज येतो. म्हणजे पुडीचा दोष नाही. म्हणजे चार वर्षं मी नुसता पोटदुखीनं... आणि म. बरोबर. कुसुम बरोबर. जेवलो नाही. आईला सांगितलं, पोट दुखतंय. पहिल्यांदाच खरं सांगितलं.

७ डिसें., सोम
गोदामात बसल्या बसल्या ट्यूब पेटली. कैऱ्या! 'सा' महिनाभर खारात होती. मीठ प्याली. म्हणून गंजली. साध्या सिमेंटला बाहेरून मीठ पाजलं तरी तेच, आणि पुडीतून आतून घातलं तरी तेच. आईनं परीक्षा बिघडवली नव्हती, पुरी केली होती. आणि मीठ न लागलेली तिसरी लादी? ती लालबागला आहे, चाळीची पूर्व बाजू, टणक वाजतेय.
आईच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो असतो तर म्हणाली असती, मनोहररावांच्या कैऱ्यांनीच झालं ना.

१४ डिसें., सोम
शेठना जाऊन सांगितलं. खिळे रुमालात बांधून नेले होते. त्यांनी खिळे बघितले, रुमाल बघितला, माझ्याकडे बघितलं. "दत्तोपंत, साल्या-मेहुण्याचं घरचं भांडण कंपनीत आणू नका. चार वर्षांत एक तुकडा पडला नाही." दारात म. उभा होता. मी बाहेर पडताना म्हणाला, "मला आधी सांगायचंत." मी म्हटलं, "सांगितलं होतं."
रुमाल तिथेच राहिला.

२४ एप्रिल १९६०, रवि
जिकडे तिकडे पताका. एक तारखेला महाराष्ट्र. मुंबईसकट. चार वर्षं ओरडलो ते खरं झालं, विश्वास बसत नाही. वाडीत साखर वाटली. मीही कुणाला तरी मिठी मारली, कोण होता ते आठवत नाही.
कुसुमचा निरोप. त्या दिवशी मिरवणूक लालबागवरून, चाळीच्या पश्चिमेच्या रस्त्यानं. सगळ्यांनी तिच्याकडे यायचं, गॅलरीतून छान दिसेल. आई, मावशी, मामाकडची मंडळी, चाळीतल्यांचे पाहुणे. म.च्या आईनं चाळीच्या मागच्या बाजूच्या बिऱ्हाडांनाही बोलावलंय. म्हणजे भक्कम गॅलरी रिकामी ठेवून सगळे म.च्या गॅलरीत.


२८ एप्रिल, गुरु
लालबाग. शिडी लावली, ठोकून बघितलं. पहिल्या मजल्याचं पोट जवळजवळ सगळं बद्द. एका ठिकाणी हातोडी लावताच तळहाताएवढा तुकडा हातात आला. आत सळई अर्धी राहिलीय, बाकी खपल्या.
चाळीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दाखवलं, गणपतीचं सगळं तेच बघतात. चांगला माणूस. तुकडा हातात घेऊन म्हणाले, "दत्तोपंत, तुमचं नि मनोहरचं काय आहे ते आम्हाला कळतं. पोरगा चांगला आहे हो. सणाच्या तोंडावर त्याला खाली पाडू नका." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. ज्याला वेड लागलंय त्याच्या पाठीवरून फिरवतात तसा.
त्यांचं काय चुकलं? दोन वर्षं मी या चाळीत येऊन मान वर करून ठोकतोय. माझं तोंडच खोटं ठरलंय. तेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत गॅलरी बंद झाली असती.
म. संध्याकाळी भेटला. तुकडा दाखवला. रंग उडाला त्याचा, पण लगेच सावरला. "एवढे दिवस टिकलीय ना? एक तारीख होऊ द्या. मग बघू. आता बोभाटा झाला तर नोकरी जाईल माझी. कुसुमला या चाळीत तोंड दाखवता येणार नाही."
चार वर्षं मी हेच तर मागत होतो. याला खाली मान घालायला लावायची. आता नुसतं रस्त्यात उभं राहून ओरडायचं होतं. आणि समोर त्याचं तोंड बघून मला ओरडवेना. दया आली असं नाही. मी ओरडलो असतो तर गॅलरीसाठी की त्याच्यासाठी, तेच मला कळेना.

३० एप्रिल, शनि
एक सुचलंय. हसू येतं आणि रडूही.
गोदामाच्या किल्ल्या माझ्याकडे. गोदामात बल्ल्या पडल्यात. उद्या सकाळी दोन हातगाड्या. गॅलऱ्यांखाली टेकू, तळापासून वरपर्यंत एकाखाली एक, नाहीतर भार मधल्या गॅलरीवरच जायचा. पण मी टेकू लावतोय म्हटलं की शिडीवरून खेचतील मला.
म्हणून सांगायचं, सजावट आहे. मनोहररावांनी पाठवलीय.
त्याचं नाव घेतलं की दारं उघडतील. माझं घेतलं की बंद. सगळ्या वर्षांचा हिशेब एका ओळीत झाला. असो.

१ मे १९६०, रवि
गोदामातून उजाडता उजाडता निघालो. रस्त्याला तोरणं, रांगोळ्या. करी रोडवर एकानं हातगाडीवाल्यांना पेढे दिले, मलाही.
चाळीत शिरलो आणि म्हटलं, "मनोहररावांनी खांब पाठवलेत. सजावटीला." काय उत्साह. वीस हात धावून आले. म्हातारबुवा स्वतः शिडी धरायला. "बघा, किती लक्ष त्याचं." मी टेकू ओळंब्यात बसवत होतो आणि बायका एकेका बल्लीला आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा गुंडाळत होत्या. दुसऱ्या मजल्याची शेवटची बल्ली लागली तेव्हा खालून काही सुटं दिसत नव्हतं, नुसता मंडप.
आई मावशीला घेऊन आली. खाली उभी राहून वर बघत राहिली. डोळे भरून आले तिचे. "बघितलंस ना गं? जावई कसा असावा." मग माझ्याकडे वळून, "तू का घामाघूम? वर चल, नाहीतर पुढे जागा मिळायची नाही."
मी म्हटलं, येतो.
नाही गेलो. सगळे वर आणि मी तळाला, कोपऱ्यातल्या बल्लीशी. ढोल-ताशे जवळ आले. वर पावलांचा नुसता दणदणाट. सगळी चाळ ओरडत होती, मीही खालून ओरडत होतो. बल्लीला हात लावला की ती थरथरत होती. वरून चुन्याची भुकटी केसांत पडत होती. एकदा बारका खडा खांद्यावर. झेंडूंच्या मधून तांबडं पाणी ओघळल्यासारखा डाग दिसत होता. मी बल्लीला पाठ लावून उभा राहिलो, जणू माझ्यामुळे काही फरक पडणार होता.
तेवढ्यात म. जिन्यानं खाली. सकाळपासून कंपनीच्या कामावर होता, आत्ता पोचला असणार. सगळ्यांनी जिन्यातच त्याला शाबासकी दिली असणार, कपाळावर गुलाल होता. त्यानं झेंडू बाजूला सारून बल्ली बघितली, खालची पाचर बघितली, मग मला.
मी म्हटलं, "वर जा. मान तुमचा आहे."
तो गेला नाही. पलीकडच्या बल्लीची पाचर सैल झाली होती, माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं माझ्या हातातून हातोडी घेतली, खाली बसला आणि ठोकली. पांढऱ्या कपड्यांत, मातीत गुडघे टेकून. मग तिथेच उभा राहिला, बल्लीला हात लावून, माझ्यासारखा.
मिरवणूक जाईपर्यंत दोघं तसेच. वरून बेबी हाका मारत होती, "बाबा, बाबा." तिला काय दिसत होतं कुणास ठाऊक.
गर्दी ओसरल्यावर म. म्हणाला, "बल्ल्या उद्या न्यायच्या?"
"कंपनीच्या आहेत."
"राहू द्या अजून." गुडघ्यांची माती झटकत, "शेठना काय सांगायचं?"
मी म्हटलं, "ते तुम्ही ठरवा." तो नुसती मान हलवत राहिला. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.
घरी आल्यावर आई अजून त्याचंच कौतुक करतेय. ऐकतोय. पण खरं सांगायचं तर तिच्या बोलण्याचं आज तेवढं नाही वाटत. मला खुपतंय ते दुसरंच. निघताना सगळ्या पाचरा हलवून बघितल्या. त्यानं ठोकलेली सगळ्यांत घट्ट बसली होती.